केनियाची सून गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला) येतेय, घर कसं तयार करू?

हुग्गीवाली (जुळे सोलापूर)

नमस्कार. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. आजचा विषय वेगळा आहे आणि जरा लांबण लागणार आहे.

आमचा मुलगा शुगर केमिस्ट. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकला, इकडच्या कारखान्यांत काही गाळप हंगाम काढले आणि मग केनियात गेला. पश्चिम केनियात ऊस भरपूर, तिकडच्या कारखान्यांत आपल्या भागातली मुलं असतात, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नवल पुढे झालं. त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचा ब्रिक्स-पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढणारी एक मुलगी आहे, तिकडचीच, लुओ समाजाची, किसुमूजवळच्या गावातली. दोघांनी लग्न ठरवलंय. मला आणि ह्यांना मुलगी पसंत आहे. व्हिडिओ कॉलवर बोलताना ती आधी माझ्या गुडघ्यांचं विचारते, मग बाकीचं. पोटच्या मुलाला अजून कुठला गुडघा दुखतो ते माहीत नाही.

आम्ही लिंगायत. घरात सासूबाईंशी कानडी, बाहेर मराठी, शेजार तेलुगू, भाजीवाला उर्दू बोलतो. म्हणजे अस्सल सोलापूर. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी नातवाला फोनवर पहिला प्रश्न विचारला, "जात कंची?" तो म्हणाला, "अज्जी, अमेरिकेचा अध्यक्ष होता ना ओबामा, त्याच्या वडिलांची." सासूबाई जरा थांबल्या, "मग बरी असंल" म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर मला विचारलं, "रंग त्याच्यासारखाच का गं?"

त्यांचं मी धरत नाही. खटकले ते दीर. शिकलेले, निवृत्त अधिकारी. म्हणाले, "बाहेरचीच आणायची होती तर गोरी तरी आणायची." आमच्याच भावकीत एकाने मागे पोलंडची मुलगी केली. तिच्या रिसेप्शनला फोटोसाठी रांग लागली होती. इरकल कशी खुलते, कुंकू कसं शोभतं, वांग्याची भाजी कशी चाटूनपुसून खाल्ली, कौतुकच कौतुक. ती घरी काय खाते, कुठला देव मानते, तिच्या मुलांचं काय होणार, एकानेही विचारलं नाही. आता हे सगळे प्रश्न आमच्या दारात येऊन बसलेत. म्हणजे परधर्माचं, परदेशाचं कारण खोटं, कातडीचं खरं.

जानेवारीत दोघं गड्ड्याला येणार आहेत. माझा प्रश्न लोकांना कसं समजावू हा नाही, त्याची मला हौस नाही. घरात आणि बाहेर त्या पोरीला जो त्रास होऊ शकतो तो आधीच ओळखून मी काय तयारी करू? नवी पेठेत लोक टक लावून बघणार, पोरं मागून ओरडणार, हे धरून चाललेय. घरातल्यांचं काय करायचं ते सांगा. शिवाय लग्नाची नोंदणी इथे करावी की तिकडे, हेही कुणी जाणकाराने सांगितलं तर बरं.

---

सरळमार्गी

ताई, राग मानू नका, पण लग्न दोघांचं नसतं, दोन घरांचं असतं. तुम्ही आज उत्साहात आहात. उद्या नातवंडं झाली की ती ना इकडची ना तिकडची. रक्तात अशी भेसळ झाली की पुढच्या पिढीला कुळ राहत नाही. मी वर्णभेदी नाही, माझे सगळ्या समाजांत मित्र आहेत. फक्त व्यवहाराचं बोलतोय. मुलाला थोडं थांबायला सांगा.

---

सावळी सोलापूरकरीण

"मी वर्णभेदी नाही, पण" ने सुरू होणाऱ्या सगळ्या वाक्यांचा मला जन्मजात अनुभव आहे, कारण मी काळी आहे. सावळी म्हणतात ते लाडाने. बायोडाटात "निमगोरी" लिहिलं होतं, माझ्या आत्याने, मला न विचारता.

काकू, तुमच्या सुनेला जे ऐकावं लागेल त्यातलं बरंचसं मी सोलापुरात, मराठीत, सख्ख्या माणसांकडून ऐकलंय. हळदीला करवल्या म्हणाल्या, "अजून चोळा गं, बघू उतरतंय का." सगळे हसले, मीही हसले. त्या क्रीमच्या कंपनीने २०२० मध्ये नावातला गोरेपणा काढून चमक घातली, आमच्या घरात ट्यूब अजून जुन्याच नावाने मागतात. तेव्हा आफ्रिकेचं नाव काढल्यावर आत्ताच कुणाचं तोंड वाकडं झालं असं समजू नका. ते आधीपासून वाकडं आहे, फक्त घरातल्या मुलीवर ते "काळजी" म्हणून निघतं.

तयारीचं विचारलंत म्हणून सांगते. एक, हळदीचा कार्यक्रम करणार असाल तर तुम्ही स्वतः तिच्या शेजारी बसा आणि पहिला पाचकळ विनोद येईल तिथेच सगळ्यांसमोर थांबवा. नंतर बाजूला घेऊन समजावण्याचा उपयोग शून्य. दुसरं, केस. तिच्या केसांना, वेण्यांना हात लावून बघायचा मोह बायकांना आवरणार नाही. ते होऊ देऊ नका. आणि फोटो काढताना कुणीतरी फोनमधलं उजळ करणारं फिल्टर लावतं, तो फोटो घरच्या ग्रुपवर जातो आणि तिला कळतं की आपला चेहरा दुरुस्त केला गेलाय. हे माझ्या साखरपुड्याला झालंय, तेव्हा अंदाजाने बोलत नाही.

दिरांना माझा नमस्कार सांगा.

---

पूर्वभाग मागवाला

ताई, मी पद्मशाली. आजोबा करीमनगरकडून माग घेऊन नाही, हात घेऊन आले. १८७७ ला जुनी मिल निघाली, मग एकेक मिली वाढत गेल्या, तशी तिकडून आपली माणसं येत राहिली. आमच्या पूर्व भागात अजून अशी म्हातारी माणसं सापडतील की जन्म सोलापुरात गेला आणि मराठी जेमतेम.

आपण सोलापूरकर एक फुशारकी लई मारतो, चार भाषांचं गाव म्हणून. खरं हाय. माझा जॉबर कानडी, हेल्पर मुसलमान, व्यापारी मारवाडी, मी तेलुगू. दिवसभर एकमेकाच्या भाषेत शिव्या देतो. संध्याकाळी जो तो आपल्या पेठेत. लग्न म्हटलं की भाषेच्या आत जात आणि जातीच्या आत पोटजात. चार हुतात्मा चौकात बघा, धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं एकाच दिवशी फासावर गेले. पुतळे शेजारी शेजारी. त्यांच्या समाजांतल्या सोयरिकी विचारू नका. शेजारानं भीती जात नाही ओ. बाजारात रोज बघून माणूस कळला असता तर आपल्याइतकं शहाणं गाव दुसरं नसतं.

माझी बायको सेटलमेंटची. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. इंग्रजांनी १८७१ ला कायदा केला की अमुक जाती जन्मानेच गुन्हेगार. कैकाडी, पारधी, टकारी, भामटे, पाळण्यातलं पोरगंही गुन्हेगार. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी घ्यायची, आणि मिलीत कामाला न्यायचे. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते सगळे विमुक्त झाले. कागदावर. आमचं लग्न त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं, तरी गल्लीत बोंब, "सेटलमेंटची आणली".

अम्मानं घरात घेतलं, कारण मी एकुलता. पण रोज रात्री पितळी डबे मोजायची. मोठ्यानं, तेलुगूत, सुनेला ऐकू जाईल असं. ओकटी, रेंडु, मूडु. बायको माझी काही बोलायची नाही. मी भांडलो की अम्मा म्हणायची, मी माझे डबे मोजते, तुझ्या बायकोचं काय घेते.

बदल भाषणानं नाही झाला. घरात दोन माग होते, कांड्या भरायचं काम बायकांचं. अम्माची नजर कमी झाली, तुटलेली तार सापडंना. बायको शेजारी बसून कांड्या भरायची, तार तुटली की अम्माच्या बोटाखालनं ओढून गाठ मारून परत तिच्याच हातात द्यायची, न बोलता. कांड्यांचा हिशोब दोघींचा एकत्र, पैसे एकत्र. असं चालत चालत अम्मा एक दिवस शेजारणीला म्हणाली, "माझ्या सुनेच्या गाठीला चादरीत गुठळी येत नाही." सेटलमेंट गेलं, सून आलं. डबे मात्र शेवटपर्यंत मोजले. आता सवय म्हणून मोजायची की काय, देव जाणे. मी विचारलं नाही.

तर माझा सल्ला एवढाच की सुनेला पाहुणी करून सोफ्यावर बसवू नका. सासूबाईंच्या हाताखाली काम द्या, नाहीतर सासूबाईंना तिच्या हाताखाली. खरं काम, देखाव्याचं नाही, ज्यात एकीवाचून दुसरीचं अडेल.

आणि ते सरळमार्गी कुळाचं बोलले. शहाजीराजे १६२४ ला भातवडीच्या लढाईत ज्याच्या बाजूनं लढले तो मलिक अंबर हबशी होता. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला. जहांगीर त्याला काळ्या तोंडाचा म्हणून हिणवायचा, पण मोगलांना दमवलं त्यानंच. दूर कशाला, आपले डॉक्टर कोटणीस. १९१० ला सोलापुरात जन्मले, १९३८ ला चीनला गेले, १९४१ ला गुओ छिंगलान या चिनी नर्सशी लग्न केलं. भैय्या चौकात त्यांचं स्मारक केलं आपण. शाळेची पोरं रांगेनं नेतो. मग केनियाच्या सुनेला काय झालं?

---

हुग्गीवाली (जुळे सोलापूर)

मागवाले भाऊ, तुमचं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. डब्यांपाशी त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मोजणारच की."

कोटणीसांचं मी दिरांना सांगून बघितलं होतं. पण त्यात एक सोय आहे हो. डॉक्टर ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच गेले, लहान मुलगा मागे ठेवून. छिंगलानबाई पुढे चीनमध्येच राहिल्या. सोलापुरात येऊन नांदल्या असत्या, कुणाच्या माजघरात वावरल्या असत्या, तर काय काय ऐकलं असतं त्यांनी? लांबची सून गोड असते. स्मारकाला कुणाच्या ताटात वाढावं लागत नाही.

मी वेगळा रस्ता धरलाय. सासूबाईंनी तब्येत चांगली असताना गड्ड्याचा अक्षता सोहळा कधी चुकवला नाही. तिथे लग्न कुणाचं लागतं? सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं. संमती कट्ट्यावर त्या लग्नाला अक्षता टाकायला अख्खा जिल्हा लोटतो, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, येतात, त्यांत वेगवेगळ्या समाजांचा मान, मातंग समाजाचाही. आणि बसवण्णांचं तर विचारूच नका. कर्नाटकातल्या कल्याणला हरळय्या चांभाराच्या मुलाचं आणि मधुवरस ब्राह्मणाच्या मुलीचं लग्न शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांनी लावलं, त्यापायी दोघा बापांना बिज्जळ राजाने मारलं, कल्याण पेटलं. ही गोष्ट मला सासूबाईंनीच सांगितलीय, मी नवी नवरी असताना, कानडीत, डोळ्यांत पाणी आणून. परवा म्हटलं, "अत्ती, हरळय्याची गोष्ट नातसुनेला तुम्हीच सांगायची, मी भाषांतर करीन." त्या गप्प. नकार नाही दिला. एरवी त्यांचा नकार लगेच येतो.

सावळी, तुझं वाचून हळद रद्द केली. करणारच असेन तर मी, ती आणि तू. येशील का?

---

किसुमूकर

मी त्याच पट्ट्यात नोकरीला होतो, आता बार्शीला असतो. ताई, तुम्ही सगळे एकाच बाजूने विचार करताय. मुलीच्या घरी काय चाललं असेल?

तिकडे आपल्या लोकांचं नाव फार चांगलं नाही. मोम्बासापासून किसुमूपर्यंतचा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ मध्ये झाला, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबचे. त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले. काही तिथेच राहिले, मागून गुजराती दुकानदार आले. किसुमूत देवळं, गुरुद्वारा सगळं आहे. २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. म्हणजे त्यांनी आपल्याला भावकीत घेतलं. आपण? पिढ्यानपिढ्या तिथे राहून आफ्रिकन घरात मुलगी दिलेली कुटुंबं मला शोधावी लागली. आपल्याच काही घरांत कामवालीचा कप वेगळा असायचा आणि ती शिकलेली असली तरी चाळीस वर्षांची बाई "गर्ल". लुओ आईबापांना हे सगळं ठाऊक असतं. मुहिंदी, म्हणजे भारतीय, जावई म्हणजे मुलगी घेऊन जाणार आणि आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवणार, ही त्यांची धास्ती. तुमच्या दिरांइतकीच तीही पक्की, आणि तिला कारणं जास्त आहेत.

म्हणून सून यायच्या आधी तुम्ही तिच्या आईशी बोला. मुलगा मध्ये भाषांतराला असू दे, पण बोला. त्यांच्याकडे मुलाने मुलीच्या घरी गाई द्यायची रीत आहे, हल्ली बऱ्याचदा पैशात होतं. दिरांना हे जरूर सांगा, हुंड्याचा हिशेब उलटा ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.

खाण्याचं. व्हिक्टोरिया तलावाकाठचे लोक, मासा जीव की प्राण. टिलापिया मासा आणि उगाली, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तुमच्या शाकाहारी घरात तिचे हाल होतील असं वाटत असेल तर तसं नाही. चपाती तिकडे सणाचं अन्न आहे, त्यासोबत न्देंगू, म्हणजे आपले हिरवे मूग, रश्शाचे. सुकुमा म्हणजे पालेभाजी, कांदा-टोमॅटोवर परतलेली. चहा दुधात उकळलेला, आपल्यासारखाच, साखर आपल्याहून जास्त. आणि ज्वारी! लुओ लोक ज्वारीची उगालीही खातात. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच, सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने ती लावायला सुरुवात केली, मग इकडे आली. मंगळवेढ्याच्या मालदांडीचं आपण कौतुक करतो, भौगोलिक मानांकन मिळवलं, तिचं माहेर तुमच्या सुनेच्या माहेराच्या वरच्या अंगाला. शेंगाचटणीतला शेंगदाणा तर दक्षिण अमेरिकेतला आणि मिरची मेक्सिकोकडची. भाकरी-चटणीच्या ताटात सोलापूरचा म्हणावा तर लसूण, तोही मध्य आशियातला निघेल.

मासा मात्र बाहेर खाऊ द्या तिला. अधूनमधून. त्यावर घरात चर्चा नको.

---

वकील, सात रस्ता

कायद्याचं थोडक्यात.

इथे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करता येतं, दोघांपैकी एक परदेशी असला तरी. पण अट अशी की दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी किमान ३० दिवस जिल्ह्यात राहिलेला हवा. मग नोटीस लागते, आक्षेपांसाठी ३० दिवस, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. गड्ड्याच्या सुट्टीत हे बसणार नाही. शिवाय नोटीस कार्यालयात लावली जाते, आणि कुणाचं लग्न आपल्याला मोडता येईल याच्या शोधात ती वाचणारे लोक असतात.

तुमचा मुलगा भारतीय नागरिक आहे, तेव्हा परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली नैरोबीच्या भारतीय उच्चायुक्तालयात लग्न लावता येतं. तिकडच्या कायद्याने नागरी नोंदणी करणं हाही पर्याय आहे. मी तिकडेच करा म्हणेन, इथे फक्त अक्षता टाका.

नोंदणी झालेल्या लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली की सुनेला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, हे शेतीवाल्या दिरांना आधीच सांगून टाका, निम्मी भीती तिथेच असते. मूल तिकडे जन्मलं आणि भारतीय नागरिकत्व हवं असेल तर एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्मनोंद करा. दोन पासपोर्ट चालत नाहीत.

आणि दोन गोष्टी ज्या सगळे विसरतात. केनियाहून येणाऱ्याला पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. तुमच्या मुलालाही लागू आहे. त्याशिवाय विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात आणि मग लोक म्हणतात वर्णभेद केला. दुसरं, परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत यजमानाने ऑनलाइन नोंद करायची असते. हॉटेलवाले करतात, घरचे करत नाहीत. मग पोलीस दारात आले की शेजाऱ्यांना वर्षभराचा विषय मिळतो.

---

निवृत्त मास्तर

सरळमार्गी यांच्या भेसळीबद्दल. हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणूजीवशास्त्राची संशोधन संस्था) आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून ७३ समाजगटांचे डीएनए तपासले, निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय, दलित, आदिवासी, सगळ्यांत दोन अगदी वेगळ्या प्राचीन लोकसमूहांचं मिश्रण सापडलं, प्रमाण कमीजास्त. हे मिसळणं सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळातलं. त्यानंतर दारं बंद झाली आणि जातीतल्या जातीत लग्नं सुरू झाली. तेव्हा साहेब, आपलं जे कुळ तुम्ही जपताय ते भेसळीचंच आहे, फक्त जुनी झालीय.

मागवाल्यांच्या अम्मांच्या गोष्टीला पुरावा हवा असेल तर तोही आहे. उत्तर प्रदेशात बाराशेहून अधिक तरुणांना घेऊन एका संशोधकाने क्रिकेटचे सामने भरवले. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. मिश्र संघात एका बाजूने खेळलेल्यांत जातीबाहेरची मैत्री वाढली. दुसऱ्या जातीच्या संघाविरुद्ध खेळलेल्यांत उलट परिणाम दिसला. मैदान तेच, माणसं तीच, ऊन तेच. मी आयुष्यभर वर्गात मुलांना बाकावर जातवार बसू दिलं नाही, पण गट पाडताना रोल नंबरने पाडायचो आणि स्पर्धा लावायचो. आता वाटतं, एखादी भिंत एकत्र रंगवायला दिली असती तर जास्त काम झालं असतं.

---

सरळमार्गी

मी मुलांच्या भविष्याचं बोललो होतो, डीएनएचं नाही. असो. तुमचं घर, तुमचा निर्णय.

---

हुग्गीवाली (जुळे सोलापूर)

सरळमार्गी, जेवायला या. मनापासून म्हणते. टोमणा नाही.

सगळ्यांचे आभार. ठरलंय ते सांगते. नोंदणी नैरोबीत. रिसेप्शन नाही, स्टेज नाही, फोटोची रांग नाही. अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरीच जेवण, भावकीतली मोजकी माणसं. हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, सासूबाई सांगतील तशी सून करणार. गहू सडण्यापासून, कारण सासूबाईंना विकतचे सडलेले गहू चालत नाहीत आणि त्यांच्या हातात आता मुसळ राहत नाही. मागवाले भाऊ, हे तुमच्याकडून उचललं. मुलगा म्हणाला, तिला मुसळ चालवता येतं, गावाकडे आजीकडे धान्य कांडलंय. सासूबाईंनी ऐकून मान हलवली आणि विचारलं, "डाव्या हातानं की उजव्या?" का विचारलं ते मला कळलं नाही.

लिंगदीक्षेचा विषय त्यांनी काढलाच. मी म्हटलं ती ख्रिस्ती आहे, रविवारी चर्चला जाते, सोलापुरातही जाईल, आपल्याकडे मराठीत प्रार्थना होणारी जुनी चर्च आहेत. तिने स्वतः मागितली तर दीक्षा, नाहीतर विषय बंद. आमच्या स्वामींनाही विचारलं, तेही तेच म्हणाले. मग सासूबाईंनी अट घातली की गड्ड्यावर ती त्यांचा हात धरून चालेल, दुसऱ्या कुणाचा नाही. याला मान म्हणावा की पहारा, मला सांगता येत नाही. दोन्ही असेल.

दिरांना गाईंचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, किती? आणि जर्सी की गावरान? पुढचा अर्धा तास केनियातल्या दुधाच्या दरावर मुलाशी बोलत बसले. गोरीचा विषय त्या दिवशी तरी निघाला नाही. पुढे निघेल, त्यांना मी ओळखते. निघाला तर जेवणाच्या दिवशी त्यांना पंगतीत न बसवता वाढपी करायचं ठरवलंय, ह्यांची परवानगी आहे.

विहीणबाईंशी बोलले. तासभर. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं, भाषांतराला कुणी लागलं नाही. त्यांनी विचारलं, माझी मुलगी आजारी पडली तर तिच्याजवळ कोण बसेल? मी म्हटलं, मी. मग म्हणाल्या, तुम्ही आजारी पडलात तर? मी म्हटलं, ते तुमच्या मुलीला विचारा, ती माझे गुडघे बघूनच आहे. त्या हसल्या, मग आम्ही साड्यांचं बोललो.

आता एक काम अडलंय. व्याहीसुद्धा गड्ड्याला येतायत आणि मुलाने त्यांना नंदीध्वजांचे फोटो दाखवल्यापासून त्यांना बाराबंदी (नंदीध्वजवाले घालतात तो बंदांचा पांढरा अंगरखा) घालायचीय. माप पाठवलंय, सव्वासहा फूट उंची आणि खांदे तसेच. बाळीवेशीतल्या ओळखीच्या शिंप्याने माप बघून हात जोडले, म्हणतो तागा पुरणार नाही आणि अशी बाराबंदी त्याने कधी बेतलेली नाही. पूर्व भागात किंवा कसब्यात कुणी मोठ्या मापाची शिवून देणारा माहीत असेल तर सांगा, डिसेंबरच्या आत हवीय.